आधी व्हिसा, मग व्हरांडा!
नवऱ्याला मेलबर्नची ऑफर आली आणि रोज रात्री लॅपटॉपवर आमचं घरदर्शन सुरू झालं. मागे अंगण, लिंबाचं झाड... आई म्हणाली, ‘कोथरूडचा फ्लॅट विका, मीही येते.’ बाबांनी पै-पै जोडून घेतलेला फ्लॅट!

मग नियम वाचले. १ एप्रिल २०२५ पासून ऑस्ट्रेलियाने तात्पुरत्या व्हिसावाल्यांना रीसेलचं घर घ्यायला बंदी घातली. नवंकोरं चालतं, तेही सरकारी परवानगीने. शिवाय इथून पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहेच, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर.

सो दोस्तहो, आधी भाड्याने राहू, पीआर मिळाली की बघू. फ्लॅट विकत नाही म्हटल्यावर आई काहीच बोलली नाही. पण संध्याकाळी शिरा झाला!