दारू सुटली, आता राहायचे कुठे?

चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत ती १९९३ पासून कायम आहे. बंदी हवी की नको, यावर दोन्ही जिल्ह्यांतले वाचक वर्षानुवर्षे हिरिरीने लिहीत आले आहेत. ज्याने दारू सोडली, त्याने त्या रात्री अंग कुठे टाकायचे, हे मात्र बंदीवाल्यांनी विचारले नाही आणि बंदी उठवणाऱ्यांनीही नाही.

मी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली. दारूपायी भरती झालेला माणूस बहुधा आठवड्या-दीड आठवड्यात उभा राहतो. हाताचा कंप थांबतो, जेवण जाऊ लागते, झोप लागते. सुटी देताना कार्डावर पत्ता लिहायचा असतो आणि तिथे तो अडखळतो. बायको लेकरांना घेऊन माहेरी गेलेली असते, भावांनी दार लावलेले असते. कुणी गावाचे नाव सांगतो, पण तिथे तो कित्येक वर्षांत गेलेला नसतो. कुणी म्हणतो, ‘बसस्टँड लिहा साहेब.’ हातात औषधांची पिशवी दिली की आमचे काम संपले.

त्या पिशवीत कधी डायसल्फिरामच्या गोळ्या असतात. ही गोळी पोटात असताना दारू घेतली तर छाती धडधडते, उलट्या होतात, जीवही धोक्यात येऊ शकतो. म्हणून ती घरच्या माणसाच्या देखत रोज घ्यावी, असे डॉक्टर बजावतात. ज्याचे घरचे कुणी उरलेच नाही, त्याने ती कुणाच्या देखत घ्यायची? दिवसभर हमाली, संध्याकाळी हातात मजुरी, रात्री फलाटावर त्याच जुन्या सोबत्यांशेजारी पथारी. असा माणूस पुन्हा प्याला की ‘मनाचा कच्चा’ म्हणून आपण मोकळे होतो. धानाचे पऱ्हे बांधीत रोवल्यावर ते मूळ धरेपर्यंत आपण पाणी मोडू देत नाही. माणसाला तेवढीही सवड देत नाही.

उपचाराची सोय आपल्याकडे नाही असे नाही. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे व्यसनमुक्तीचे अभियान तालुक्या-तालुक्यांत क्लिनिक चालवते आणि गावागावांत शिबिरे घेते. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तर १९८६ पासून उभे आहे. पण उपचार कितीही चांगला असला तरी तो एक दिवस संपतो, आणि खरी कसोटी त्यानंतरच्या महिन्यांत लागते.

हे चंद्रपूर जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले तेव्हा बाबा आमट्यांनी ओळखले होते की, कुष्ठरोग बरा झाला तरी गाव त्या माणसाला परत घेत नाही. म्हणून औषधाच्या जोडीला त्यांनी छप्पर आणि काम दिले. मूल तालुक्यातल्या त्यांच्याच सोमनाथ प्रकल्पात बऱ्या झालेल्या माणसांनी जंगलालगत शेती पिकवून दाखवली. व्यसनातून उठलेल्याला जन्मभराची वसाहत नको. सहा महिने ते वर्षभराचा मुक्काम पुरे. पण औषध, छप्पर आणि काम ही तिन्ही त्यालाही एकदमच लागतात.

अशा निवासाला कायद्याचीही आडकाठी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित आजार येतात, आणि सरकारने पुरवायच्या सेवांत मधल्या टप्प्याचा निवास (हाफवे होम) व आधारनिवास यांचा उल्लेख आहे. शहरी बेघरांसाठी लाखामागे एक निवारा हा दंडक आहे. चंद्रपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच तीन लाखांवर होती. पैशाचे म्हणाल तर कोळसा आणि लोहखनिज देणाऱ्या या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, आणि आरोग्य व कौशल्य विकास हे त्याचे अग्रक्रमाचे विषय आहेत.

‘घरकुलासाठी कष्टकरी रांगेत उभे असताना दारुड्यांना फुकट घर?’ असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. म्हणून हे घर फुकट नसावे आणि कायमचेही नसावे. पहिला महिना सवलतीचा, पुढे मजुरीतून ठरावीक रक्कम. एका ठिकाणी वीस-पंचवीसच माणसे. आत दारू-खर्रा बंद. गोळी रोज काळजीवाहकासमोर. मजुरी थेट बँक खात्यात. आधार, रेशनकार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड ही कागदपत्रे इथेच काढून द्यावीत, कारण कागद नसलेल्या माणसाला भाड्याने खोली मिळत नाही. पाय घसरला तर त्याला रात्री बाहेर काढू नये, परत उपचाराला पाठवावे. नाहीतर तोच माणूस दर तीन-चार महिन्यांनी सरकारी खाटेवर येऊन पडतो, तो खर्चही आपलाच असतो.

गडचिरोलीत दारूबंदीच आहे, तिथे याची काय गरज, असेही म्हणतील. बंदीने दारू मिळणे अवघड होते. तुटलेले घर तिने सांधले जात नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात किंवा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला माणूस तिथे पितोच. शिवाय सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरवर. म्हणून गडचिरोलीत एक आणि अहेरीत एक, अशी दोन निवासस्थाने हवीत. चंद्रपूरला एक पुरुषांचे आणि एक बायकांचे. व्यसन बायकांनाही जडते, आणि त्यांना घराबाहेर काढायला कुणी फार वेळ लावत नाही.

दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हा नियोजन समित्यांनी येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि पालकमंत्र्यांनी जागा व निधीचा आकडा तिथेच जाहीर करावा. नवे बांधकाम लगेच नको. पट नसल्याने बंद पडलेली एखादी आश्रमशाळा किंवा रिकामे शासकीय वसतिगृह सुरुवातीला पुरेल. आपल्या वृत्तपत्राच्या वार्ताहरांनीही बंदीच्या बातमीइतकीच जागा या प्रश्नाला द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक,
मूल, जि. चंद्रपूर