दिंद्रुडचे मत वीज आयोगापर्यंत जाऊ द्या

आज 14 डिसेंबर, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. सरकारी कचेऱ्यांत वीजबचतीच्या शपथा होतील, शाळांत निबंध लिहून घेतले जातील. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडच्या शिवारात मात्र या दिवसांत एकच प्रश्न असतो: या आठवड्यात लाईट दिवसाची की रात्रीची? हरभरा, गहू, ऊस, सगळ्यांचे पाणी त्यावर ठरते. शेतीच्या वाहिनीवर दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास थ्री फेज, आणि पाळी फिरती. रात्रीची पाळी आली की कडाक्याच्या थंडीत बॅटरी आणि काठी घेऊन दारे धरायला निघायचे. 2020 च्या हिवाळ्यात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा या कामातली भीती साऱ्या जिल्ह्याने अनुभवली. विंचू-सापाची भीती तर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल 2024 पासून पाच वर्षे वीज मोफत आहे. योजनेला नावे ठेवणारा शेतकरी विरळा. तरीही चहाच्या टपरीवर कोणालाही विचारा, पहिले उत्तर येते, ‘फुकट नको, पण दिवसा द्या.’ हे मत रात्री चिखलात उभे राहून बनलेले आहे. कोणत्याही अहवालाइतकेच ते वजनदार आहे, असे आम्ही मानतो.

सोलारबद्दलची मतेही तशीच, हाताने तपासलेली. पाच अश्वशक्तीच्या पंपाला 4,800 वॅटच्या प्लेटा येतात. शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. ज्याच्या विहिरीला पाणी वर आहे तो खूश असतो. दिवसा भिजवतो, रात्री घरी झोपतो, डीपी जळाली तरी त्याला फरक पडत नाही. पण ज्याचे बोअर खोल आहे त्याचा अनुभव निराळा. प्लेटा तापायच्या आत, सकाळीच, तो ओल्या फडक्याने त्यांवरची धूळ पुसून घेतो. अकराच्या उन्हात पाइप तोंड भरून वाहतो. तीन वाजले की धार बारीक होऊ लागते, आभाळ आले की तुटतेच. धारेखाली हात धरून तो सांगतो की आज वाफे निम्मेच भिजणार. जितक्या खोलीवरून पाणी उचलायचे तितके ते कमी येणार, हा यंत्राचा साधा नियम आहे. तरीही पंप देताना एकराचा हिशोब आधी होतो: अडीच एकरांपर्यंत तीनचा, पाचपर्यंत पाचचा, पुढे साडेसातचा. पाणी किती खोल आहे याला तितकेच महत्त्व मिळायला हवे होते. शिवाय लाईनच्या जोडणीसाठी पैसे भरून बसलेल्यांना सोलारकडे वळवले जाते, याचा राग वेगळाच. तो रास्त आहे.

तिसरा मार्गही आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहतो, शेतकऱ्याची मोटार आणि लाईन आहे तीच राहते, वीज दिवसा मिळते. खोल बोअरवाल्यांसाठी हाच मार्ग सरस आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोबाइलवरच्या ॲपबद्दलची मतेही अशीच, अनुभवातून आलेली. ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच करायची, ही कल्पना चांगली. पण बांधावर रेंज नाही, फोटो अडकतो, सर्व्हर चालत नाही, आणि नोंद राहिली तर अनुदान, विमा, खरेदी सगळेच अडते. मग पोरगा फोन उंच धरून लिंबाखाली उभा राहतो. ॲप बनवणाऱ्यांनी त्याच्याशेजारी एक दिवस उभे राहावे.

इतकी पक्की मते असलेल्या भागातून राज्य वीज नियामक आयोगाकडे किती पत्रे जातात? इथे आम्हाला आपल्याच माणसांशी बोलायचे आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘डीपी जळाली’ म्हणून टाकलेला निरोप दहा मिनिटांत कोणाच्या तरी पुढाऱ्यावर जातो, आणि पुढच्या दहा मिनिटांत जातीवर. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात एका ध्वनिफितीवरून काय होऊ शकते, ते 30 ऑक्टोबर 2023 रोजी माजलगावाने पाहिले. आमदार प्रकाश सोळंके यांचे घर पेटले, बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी आली, इंटरनेट बंद करावे लागले. 9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, असे सीआयडीचे आरोपपत्र सांगते. त्यानंतर जातीची दरी इतकी रुंदावली की 2025 मध्ये बीड पोलिसांनी नावाच्या पाट्यांवरून आडनावे काढली. या साऱ्यात पवनचक्कीचे भाडे किती असावे, तारा कोणाच्या शेतावरून जाव्यात, रस्त्याची भरपाई कोण देणार, हे प्रश्न मागे पडले. ते सगळ्या जातींच्या शेतकऱ्यांचे होते आणि आहेत.

याच जिल्ह्यात, परळीत, 1971 पासून वीज तयार होते. फेब्रुवारी 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी ते औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले. पाणी आणि वीज एकमेकांवर कशी अवलंबून आहेत, हे बीडइतके थोड्याच जिल्ह्यांना ठाऊक असेल. राखेचा आणि टंचाईचा अनुभव असलेल्या माणसांनी ऊर्जेच्या धोरणावर बोलायचे नाही, तर कोणी?

बोलण्याच्या जागा कायद्यानेच दिल्या आहेत. महावितरणचा दरवाढीचा प्रस्ताव राज्य वीज नियामक आयोगापुढे गेला की 2003 च्या वीज कायद्यानुसार जनतेच्या हरकती मागवाव्याच लागतात. त्या मराठीत, साध्या कागदावर लिहिता येतात. ग्रामीण भागात जळालेला ट्रान्सफॉर्मर 48 तासांत बदलला पाहिजे, हा आयोगाचाच नियम आहे. तरीही डीपीसाठी गावोगाव वर्गणी होते, कारण तक्रारीचा लेखी क्रमांक कोणी मागून घेत नाही.

म्हणून दिंद्रुड आणि आसपासच्या गावांना आमची विनंती आहे. येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विजेचा विषय घ्या. लाईट कोणत्या दिवशी किती तास होती, डीपी कधी जळाली आणि कधी आली, कोणत्या बोअरवर सोलार चालतो आणि कोणत्यावर नाही, याची वही आजपासून ठेवा. नोंदीखाली सह्या घ्या, ठराव करा, त्याची एक प्रत महावितरणला आणि एक आयोगाला पाठवा, आणि पोच मागून घ्या.