दोघींचं दर्शन

आई गेली त्याला या चैत्रात वर्ष झालं. 92 वर्षं जगली. माहेर धारचं, सासर देवासचं. लहानपणी गढकालिकेला जायची, लग्न झाल्यावर देवासची टेकडी धरली. तेव्हा धारला रेल्वे नव्हती, म्हणून माहेरी जायचं म्हणजे इंदूरला मोटार बदलायची. ते वर्षातून एकदाच जमे. टेकडी मात्र दर मंगळवारी.

आमचं देवास हे जोडीचं गाव. संस्थानी काळात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा पवारांच्या दोन गाद्या एकाच गावात होत्या. 1948 साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाल्या. टेकडीवर देवीही दोन: बडी माता म्हणजे तुळजाभवानी आणि छोटी माता म्हणजे चामुंडा. दोघी बहिणी. एकदा त्यांचं भांडण झालं, थोरली पाताळात जाऊ लागली, धाकटी टेकडी सोडून निघाली. हनुमान आणि भैरवाने विनवण्या केल्या, तेव्हा दोघी होत्या तिथेच थांबल्या, अशी इथली आख्यायिका. आई दोघींची ओटी भरायची आणि भैरवापुढे जरा जास्तच वेळ उभी राहायची. म्हणायची, "भांडणात मध्ये पडणाऱ्यालाही नमस्कार करावा."

पुढे आमच्या घरातही दोन पात्या झाल्या. मी शाळेत असताना जागेवरून बाबांचं आणि काकांचं बिनसलं. अंगणात भिंत उभी राहिली, बोलणं बंद झालं. पहिल्याच मंगळवारी आई ओटीचं ताट घेऊन निघाली आणि भिंतीपलीकडे जाऊन काकूला हाक मारली, "चल गं, ऊन व्हायच्या आत वर पोचू."

बाबा चिडले. आई एवढंच म्हणाली, "भांडण तुम्हा भावांचं. आमचा मंगळवार ठरलेला आहे."

अशी दहा-बारा वर्षं गेली. दोघी जावा टेकडी चढत राहिल्या. एका मंगळवारी रात्री पानं वाढताना आई सहज बोलावं तसं म्हणाली, "भावजींनी तीन दिवस अन्न घेतलेलं नाही." बाबा भरल्या ताटावरून उठले, हात धुतला आणि पलीकडे गेले. आई ताट झाकून बसून राहिली. ते परतले तेव्हा मध्यरात्र उलटली होती. काकू ही गोष्ट टेकडीच्या पायऱ्यांवर बोलली होती, हे आम्हाला फार नंतर कळलं.

हे आज लिहायचं कारण आहे. आई गेल्यावर दादाला घर विकायचं आहे, मला ठेवायचं आहे. त्यावरून आमचे शब्द वाढले आणि दोन महिने फोनही बंद होता. वर्षश्राद्धाला दोघे देवासला आलो. काकू आता 86 वर्षांची आहे, पायऱ्या चढवत नाहीत. तिने ओटीचं ताट आमच्या हातात दिलं. म्हणाली, "तुमच्या आईचा मंगळवार चुकवू नका. दोघे मिळून जा."

गेलो. अर्ध्या वाटेवर दादाला दम लागला, तेव्हा मी ताट घेतलं. आधी बडी माता, मग छोटी माता. भैरवापाशी आम्ही दोघेही थांबलो. कोणी काही बोललं नाही.

घराचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पण दर मंगळवारी फोन करायचा, एवढं ठरलं आहे. या मंगळवारी दादाचा आधी आला.