विम्याचें परस्मैपद आणि आत्मनेपद

गेल्या वैशाखांत एका संध्याकाळीं वळवाचा पाऊस कोसळला आणि आमच्या घरासमोरील गुलमोहराची एक मोठी फांदी मोडून पुतण्याच्या मोटारीवर पडली. मोटार अवघी सोळा महिन्यांची. समोरच्या कांचेचा चुरा झाला, टप खोल दबला व एका बाजूचें दार उघडेनासें झालें. आंत कोणी नव्हतें, ही परमेश्वराची कृपा. घरांतील मंडळी हळहळूं लागली तेव्हां मी मोठ्या धीरानें म्हणालों, “काळजी करूं नका. विमा आहे, आणि तो तीन वर्षांचा आहे.”

आमच्या घरचीं सर्व महत्त्वाचीं कागदपत्रें माझ्या पेटींत असतात. विमापत्र आलें तेव्हां त्यावरील तीन वर्षांनंतरची तारीख मींच पाहिली होती व पत्र घडी घालून ठेवून दिलें होतें. वर्ष भरतांना नूतनीकरणाची सूचना आली, त्या वेळीं पुतण्यानें मला विचारलेंही होतें. “अजून दोन वर्षें बाकी आहेत,” असें मीं सांगितलें. आणि काकांच्या शब्दावर संशय घेण्याची त्याला संवय नाहीं.

दुसऱ्या दिवशीं विमा कचेरींतील तरुणानें पत्र वाचून नम्रपणें सांगितलें, “आजोबा, ही तीन वर्षांची मुदत दुसऱ्यांच्या नुकसानीपुरती आहे. तुमच्या गाडीची स्वतःची मुदत चार महिन्यांपूर्वींच संपली.” त्यानें ज्या ओळीवर बोट ठेवलें ती त्याच पानावर होती. प्रश्न पुरता न वाचतां उत्तर लिहिणाऱ्या किती मुलांस मीं बोल लावले असतील! त्या दिवशीं मी त्यांच्याच बांकावर बसलों.

वाचकांपैकीं ज्यांनीं संस्कृत केलें आहे त्यांस परस्मैपद व आत्मनेपद हा भेद आठवेल. पुरोहित दुसऱ्यासाठीं यज्ञ करतो तेव्हां ‘यजति’. यजमान स्वतःसाठीं करतो तेव्हां ‘यजते’. फळ कोणाच्या पदरांत पडतें, हा प्रश्न. मोटारीच्या विम्याचेंही तसेंच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १४६ वें कलम जो विमा सक्तीचा करतें, तो परस्मैपदी. आपल्या वाहनामुळें कोणी दगावलें, जायबंदी झालें, किंवा कोणाच्या मालमत्तेची हानि झाली, तर तिची भरपाई त्यांतून होते. आपल्या गाडीच्या हानीचा विमा कायदा सक्तीचा करीत नाहीं. तो आत्मनेपदी विमा ज्यानें त्यानें आपल्या शहाणपणानें उतरावयाचा. दोन्ही भाग ज्यांत आहेत तें पत्र उभयपदी म्हणावें.

घोटाळा होतो तो मुदतींमुळें. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस सक्तीचा विमा एकदम ३ वर्षांचा, व नव्या दुचाकीस ५ वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. म्हणून एकाच पत्रावर दोन तारखा येतात. १ सप्टेंबर २०१९ पासून हा दुसरा भाग स्वतंत्रपणें, वाटल्यास दुसऱ्या कंपनीकडूनही, घेतां येतो.

अपघात, आग, वीज, चोरी, दंगा, भूकंप, पूर, वादळ यांपासून होणारें नुकसान या भागांत येतें. पण सर्वच खर्च भरून निघेल असें समजूं नये. गाडीची विम्याची किंमत उतरत जाते: दुसऱ्या वर्षीं मूळ किंमतींतून शेंकडा २० वजा होतात, तर पांचव्या वर्षीं शेंकडा ५०. दुरुस्तींत बदललेल्या रबरी व प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत साधारणतः आपणच सोसावयाची. कांचेस ही वजावट नाहीं. पुराच्या पाण्यांत सांपडलेली मोटार चालू करूं गेल्यानें इंजिन बिघडलें, तर तें नुकसान पुराचें न मानतां मागणी बहुधा नाकारतात. म्हणून अशी गाडी चालू न करतां ओढूनच न्यावी. वर्षभर मागणी केली नाहीं तर पुढील हप्त्यांत शेंकडा २० सूट मिळते, व ती वाढत ५० पर्यंत जाते. परंतु मुदत संपून ९० दिवस लोटले कीं ती बुडते. आमचीही बुडाली.

एकत्र कुटुंबांत आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. मोटार सर्वांची असली तरी विमा एकाच्याच नांवें असतो. तो गृहस्थ निवर्तला, तर पत्र लगेच रद्द होत नाहीं. तीन महिने, किंवा मूळ मुदत संपेपर्यंत, यांत जें आधीं येईल तोंवर तें चालतें. तेवढ्या अवधींत वारसांनीं तें आपल्या नांवें करून घ्यावें. दुःखाच्या दिवसांत हें सुचत नाहीं, म्हणून आधींच माहीत असलेलें बरें.

मोटारीची दुरुस्ती झाली. नातीच्या महाविद्यालयाच्या प्रवेशासाठीं बाजूस ठेवलेल्या पैशांतून ती झाली. पुतण्यानें मला एका शब्दानेंही दुखविलें नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें. आठ दिवसांनीं मीं पेटीची दुसरी किल्ली त्याच्या हातीं दिली आणि सांगितलें, “यापुढें कोणताही कागद मीं वाचला म्हणजे वाचून झाला, असें समजूं नकोस.”

वाचकहो, आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर आपल्या घरचें विमापत्र काढा. एकानें तें मोठ्यानें वाचावें व बाकीच्यांनीं ऐकावें. त्यावर दोन तारखा असतील, तर आधीं संपणारी तारीख दिनदर्शिकेवर तांबड्या शाईनें लिहून ठेवावी.