दारू कोणाच्या कागदावर लिहायची?

मैत्रिणींनो, दारूच्या प्रश्नावर आपण दुकानासमोर ठाण मांडले, ग्रामसभा गाजवल्या, बाटली आडवी केली. निम्म्या महिला मतदारांनी कौल दिला तर गावातले दुकान बंद होते, ही तरतूद २००८ च्या शासन आदेशात बायकांच्या रेट्यामुळेच आली. पण दारू जिथे फुटलेले डोके आणि मोडलेला पाय घेऊन येते, त्या दवाखान्याच्या अपघात विभागात आपली चळवळ क्वचितच शिरली आहे.

मी हिवरा आश्रमला राहते आणि आसपासच्या गावांत काम करते. इथला माणूस मोटारसायकलवरून पडला की आधी मेहकर, आणि मार जबर असेल तर पुढे बुलढाणा, अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर. १०८ च्या गाडीत त्याच्यासोबत असते ती बायको. आणि ती वाटेतच ठरवून टाकते की काय सांगायचे. "साहेब, ते पेले नव्हते. वास येते ते लिहू नका." डॉक्टर वैतागतात, सिस्टर हसतात. बाई खोटे बोलते हे सगळ्यांना कळते. का बोलते, हे कोणी विचारत नाही.

कारण साधे आहे. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. मात्र अमली पदार्थाच्या अंमलाखाली झालेला अपघात त्यातून वगळलेला आहे. खाजगी अपघात विम्यातही असेच कलम असते. म्हणजे रात्री दहा वाजता घाईत लिहिलेली 'तोंडाला दारूचा वास' ही ओळ उद्या तिच्या लेकरांच्या तोंडचा घास काढू शकते. नुसता वास म्हणजे नशेचा पुरावा नव्हे, असे ग्राहक आयोगांनी निकालांत म्हटलेले आहे. पण आयोगाची पायरी चढायला वकील लागतो, एस.टी.चे भाडे लागते, आणि दरम्यान सोयाबीनची पेरणी येऊन ठेपते.

काही कार्यकर्त्या मला विचारतात, मग दारुड्याला भरपाई द्यायची का? अहो, तो तर मेला. पैसे मिळणार आहेत ते ज्या बाईने वीस वर्षे त्याची दारू सोसली तिला. हयातीत तिने मार खाल्ला, मेल्यावर दंडही तिनेच भरायचा?

लपवण्याची किंमत तो जिवंत असतानाही मोजावी लागते. रोज पिणारा माणूस पाय मोडून वॉर्डात पडला की दारू एकाएकी बंद होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, घाम सुटतो, भिंतीवर किडे दिसतात, तो सलाईन उपटून पळू पाहतो. वेळेवर औषध मिळाले नाही तर यात माणूस दगावतो. पण कागदावर दारू नसते, म्हणून डॉक्टर चाचपडतात, सासू म्हणते बाहेरचे लागले, आणि त्याला कॉटला बांधून बायकोला उशाशी बसवतात. उलटही घडते. वास आला की 'उतरेल सकाळी' म्हणून माणसाला कोपऱ्यात टाकून देतात. बरळणे, झोकांड्या, उलटी ही लक्षणे डोक्यात रक्तस्राव झाला तरी तशीच दिसतात. (गांजाची, झोपेच्या गोळ्यांची तर चौकशीच होत नाही.)

तपासणीला माझा विरोध नाही. १ जुलै २०२३ ला आमच्या शेजारच्या सिंदखेडराजा तालुक्यात, पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ जण गेले. दुसऱ्यांचे जीव ज्याच्या हाती आहेत त्याचे रक्त तपासलेच पाहिजे. मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, ती कडक पाळा. पण पोलिसांसाठी घेतलेले रक्त आणि उपचारासाठी विचारलेला प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे दोन्हींची खिचडी झाली आहे.

आता दुसरा कागद पाहा, बाईचा. त्याच विभागात, त्याच रात्री, ती गाल सुजवून येते. 'घरात पाय घसरून पडली.' तिच्या तोंडाला वास येत नाही, त्यामुळे तिच्या कागदावर दारूचा शब्दही नसतो. दारूने झालेल्या जखमा मोजायला बसाल तर ही बाई मोजणीतच येत नाही! २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या नियमांनुसार, असा अहवाल आधी कोणी नोंदवलेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखाने तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. मी विचारले त्या एका सरकारी रुग्णालयात तो कोरा नमुनाही कपाटात सापडला नाही.

हे जमणार नाही असे नव्हे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केले. दवाखान्यातच बाईशी बोलायला माणूस बसवला. पुरुषांच्या बाबतीत अमेरिकेतल्या सिएटलचा अनुभव बोलका आहे. तिथे जखमी होऊन आलेल्या पिणाऱ्यांशी अर्धा तास, न ओरडता, त्यांच्या दारूबद्दल बोलले गेले. १९९९ साली निष्कर्ष छापून आले, त्यानुसार पुन्हा जखमी होऊन येणे जवळपास निम्म्यावर आले. जखम ताजी असताना माणूस ऐकतो. आणि गंमत म्हणजे तिथल्या डॉक्टरांनाही विमा कंपनी पैसे नाकारील या भीतीने दारूची नोंद टाळावीशी वाटे. कागदाची भीती तिथेही तीच.

म्हणून माझे म्हणणे असे. मृत शेतकऱ्याच्या वारसांना नशेच्या कारणावरून अपात्र ठरवणारे कलम शासनाने काढावे, ही मागणी आपल्या संघटनांनी दारूबंदीच्या मागणीइतक्याच जोराने लावून धरावी. ग्रामीण रुग्णालयात समाजसेवकाचे पद निर्माण करून ते भरावे, आणि त्याची वेळ अकरा ते पाच नको, रात्रीची हवी. तोवर आपल्या तालुक्याच्या रुग्ण कल्याण समितीत जी कोणी सदस्य असेल तिने पुढच्या बैठकीत मागच्या तीन महिन्यांचे अपघात विभागाचे रजिस्टर मागावे, आणि 'घरात पडली' अशा नोंदी किती, त्यातल्या कितींचा अहवाल संरक्षण अधिकाऱ्याकडे गेला, हे मोजून इतिवृत्तात लिहून घ्यावे.