शिवारातली काळी भिंत

वढू बुद्रुकला भीमेच्या काठी विहीर खणायची म्हटले की काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा कातळ, हे ठरलेलेच. हा कातळ थरावर थर असा आडवा पसरलेला. पण पुणे-नाशिककडच्या मुलखात कुठे कुठे या थरांना छेदून दगडाची एक उभी भिंत रानारानांतून सरळ गेलेली दिसते. ती कुणी बांधलेली नाही. जमिनीला भेग पडली, खालचा तप्त शिलारस तीत शिरला आणि तिथेच थिजला. भूशास्त्रज्ञ तिला डाइक म्हणतात.

विहीर घेणाऱ्याने ही भिंत आधी पाहावी. ती अभंग असेल तर उताराने झिरपत येणारे पाणी तिच्यापाशी अडते. मग वरच्या अंगाच्या विहिरीला पाणी आणि खालच्या अंगाची कोरडी, असे होऊ शकते. भिंतच भेगाळलेली असेल तर मात्र तिच्यातूनच पाणी वाहते. नुसते पाहून हे कळत नाही. तेव्हा सुरुंग लावण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला जागा दाखवावी. कर्ज काढून कोरडा खड्डा कुणाला हवा आहे?

आता तिचे वय. आपण खतातून पालाश देतो ना, तेच या दगडातही असते. त्याचा अगदी अल्प अंश किरणोत्सारी असून तो १२५ कोटी वर्षांत निम्मा होतो. त्यातून थोडा अरगॉन वायू तयार होतो आणि थिजलेल्या दगडात कोंडून राहतो. तो मोजला की वय निघते. दख्खनचा बहुतेक कातळ असा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा ठरला आहे. कुजलेल्या दगडातून मात्र वायू निसटतो आणि हिशेब चुकतो.

दुसरी नोंद चुंबकाची. दगडातले लोहकण निवताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा धरून ठेवतात. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या कातळाचे हे चुंबकत्व प्रसिद्ध केले. त्यावरून दिसले की हा मुलूख तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता! आज वढू उत्तरेला १८ अंशांच्या पुढे आहे. बऱ्याच थरांत तर दिशाच उलटी, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते.

मात्र विहिरीतून काढून बांधावर टाकलेला ताजा धोंडा वय सांगेल, दिशा नाही. त्यासाठी दगड जागचा हललेला चालत नाही.