घरच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला?



आपल्या सासवांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. कोठीची, कपाटाची, तिजोरीची, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे घरातल्या पुरुषांना ठाऊक नसे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. आता निम्मी कुलपं मोबाईलमध्ये गेली आहेत. लाईट बिल, गॅस, बँक, म्युच्युअल फंड, इन्कम टॅक्स, सगळ्यांना पासवर्ड. आणि या नव्या किल्ल्या मात्र आपल्याकडे आल्याच नाहीत. त्या गेल्या नवऱ्याच्या डोक्यात, नाहीतर मुलाच्या फोनमध्ये. माझं म्हणणं सरळ आहे. घरासाठी पासवर्ड मॅनेजर घ्यावा, आणि तो घरातल्या बाईने निवडावा. मुलाने बसवून दिलेला नव्हे.

आमच्या नात्यातल्या एका घरी काय झालं ते सांगते. दुकान चालू, माणूस धडधाकट, आणि एका रात्रीत गेले. उठावणा होऊन चार दिवस होतात तोच महिन्याची वीस तारीख आली. जीएसटीचं रिटर्न भरायचं, तर पासवर्ड फक्त त्यांना माहीत. नवा मागवावा, तर ई-मेलचा पासवर्डही त्यांनाच माहीत. ओटीपी यायचा तो त्यांच्या मोबाईलवर, आणि तो फोन उघडायचा पॅटर्न कोणालाच ठाऊक नाही. मुलाने शेवटी जीएसटी कार्यालयात मृत्यूचा दाखला आणि बाकीचे कागद देऊन नोंदणीतला ई-मेल आणि मोबाईल बदलून घेतला. तोवर दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क चालूच. रक्कम मोठी नव्हती हो. पण ज्या दिवसांत त्या बाईने नुसतं बसून रडायचं, त्या दिवसांत ती जुन्या डायऱ्यांची पानं उलटत होती. प्रत्येक पानावर एक पासवर्ड आणि प्रत्येक पासवर्ड खोडलेला.

म्हणूनच निवडताना 'कुलूप किती मजबूत' हा प्रश्न मी दुसरा ठेवते. पहिला प्रश्न असा की माझ्यानंतर दुसरी व्यक्ती ते उघडू शकेल का?

आपण फलटणकरांनी तरी हे लवकर समजायला हवं. धवला, जयधवला या ग्रंथांच्या ताडपत्रावरच्या प्रती मूडबिद्रीला कित्येक शतकं बंदोबस्तात होत्या. लोक दर्शन घेऊन परतायचे, वाचायला मिळत नसे. सुरक्षित होत्या यात शंका नाही, पण ताडपत्र जीर्ण होत होतं आणि जुनी लिपी वाचणारे कमी होत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मुंबईचे शेठ माणिकचंद आणि आपल्या सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी मनावर घेतलं तेव्हा कुठे नकला सुरू झाल्या. १९३९ पासून डॉ. हीरालाल जैन यांनी अमरावतीहून धवला छापून आणायला सुरुवात केली. पुढे आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे ग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले आणि ते आपल्या गावात आले. एकाच ठिकाणी, एकाच कुलपात ठेवलेली वस्तू चोरापासून वाचते, काळापासून वाचत नाही. पासवर्डची वही म्हणजे तसंच एक ताडपत्र आहे.

वहीला मी हसत मात्र नाही. परदेशात बसलेला चोर तुमच्या कपाटातल्या वहीपर्यंत येत नाही, तेवढी ती चांगलीच. पण वहीला दोन गोष्टी जमत नाहीत. पासवर्ड बदलला की ती आपोआप बदलत नाही. आणि तिला खरं-खोटं ओळखता येत नाही. 'आज रात्री वीज तोडली जाईल' असा मेसेज येतो, खाली लिंक असते, आणि महावितरणसारखं दिसणारं पान उघडतं. आपण वहीतून बघून पासवर्ड टाकून मोकळ्या. पासवर्ड मॅनेजर पानाचा पत्ता बघतो. पत्ता नोंदवलेल्यापेक्षा वेगळा असेल तर तो पासवर्ड भरतच नाही. तो गप्प बसला की आपणही हात आवरायचा. मला विचाराल तर निव्वळ एवढ्यासाठीही तो घ्यावा.

शिवाय आपल्या समाजातल्या पासवर्डबद्दल न बोललेलंच बरं. देवाचं नाव आणि पुढे २४, १०८ नाहीतर १००८! दहा घरांत विचारा, सात घरी हेच निघेल. आणि तोच बँकेला, तोच साड्यांच्या दुकानाला, तोच किराण्याला. २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती बाहेर गेल्याची बातमी आली होती. किराण्याची किल्ली चोराच्या हाती लागली की तो ती बाकीच्या सगळ्या दारांना लावून बघतो. मॅनेजर प्रत्येक दाराला वेगळी, लांबलचक, अर्थहीन किल्ली करतो आणि स्वतः लक्षात ठेवतो. आपण एकच लक्षात ठेवायची, मुख्य किल्ली. ती चार-पाच असंबद्ध शब्दांची करा. ताक, छत्री, नीरा, पायरी, घुंगरू असं काहीतरी. (हेच नका ठेवू, आता ते शंभर जणींनी वाचलं.)

आता कुठला घ्यायचा. मी पाच पाहिले.

गुगलचा फोनमध्येच असतो, फुकट आणि सोपा. ज्यांना नवीन काही शिकायचंच नाही त्यांनी निदान तो तरी वापरावा. पण त्यात सगळा भार गुगलच्या एका खात्यावर येतो. कीपास पूर्ण फुकट आहे आणि त्याची तिजोरी म्हणजे आपल्याच संगणकातली एक फाईल. ज्या घरात संगणकातलं कळणारं माणूस आहे तिथे उत्तम. माझ्याच्याने ती फाईल फोनवर आणि लॅपटॉपवर सारखी ठेवणं होईना. वनपासवर्ड नीटनेटका आहे, कुटुंबासाठी वेगळी योजना आहे, पण फुकट नाही. झोहो व्हॉल्ट आपल्या चेन्नईच्या कंपनीचा, एकट्या माणसाला फुकट. मी घेतला तो बिटवॉर्डन. त्याची मूळ रचना कोणालाही तपासता येते आणि कितीही पासवर्ड, कितीही उपकरणांवर फुकट ठेवता येतात. खरं कारण वेगळंच आहे. त्यात आणीबाणीची सोय आहे. त्यासाठी आपल्याला वर्षाची वर्गणी भरावी लागते, समोरच्याचं खातं मात्र फुकट चालतं. आपण एखाद्या व्यक्तीला नेमायचं, तिने आमंत्रण स्वीकारायचं, आपण ते पक्कं करायचं. गरज पडली की ती विनंती पाठवते. आपण ठरवलेल्या मुदतीत, समजा सात दिवसांत, आपण नकार दिला नाही तर तिजोरी तिला उघडते. आपण हयात आणि शुद्धीत असू तर नकार देता येतो. नसू तर घर अडत नाही.

कोणी म्हणेल, सगळी अंडी एका... नको, आपल्याकडे ती उपमाच नको. सगळे दागिने एकाच डब्यात कशाला? शंका रास्त आहे. २०२२ मध्ये लास्टपास या मोठ्या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड सांकेतिक स्वरूपात होते, पण कोणत्या वेबसाईटचे ते पत्ते उघडेच होते. ज्यांची मुख्य किल्ली कमकुवत होती त्यांना मोठा धोका, ज्यांची लांब होती ते त्या मानाने सुरक्षित. मी त्यावरून मॅनेजर सोडला नाही. मुख्य किल्ली लांब केली, आणि नव्या फोनवर उघडताना दुसरा कोड मागण्याची सोय चालू केली. यूपीआयचा पिन त्यात ठेवत नाही. चार किंवा सहा आकडे आहेत, ते डोक्यात राहतात.

दुकान आणि घर एका तिजोरीत नको, हे बी.कॉम. झालेली बाई म्हणून ठासून सांगते. धंद्याचं खातं आणि घरखर्चाचं खातं वेगळं ठेवतो ना, तसंच हे. दुकानाचे पासवर्ड मुनीमजींना लागतात, मुलाला लागतात, सीएंना लागतात. घरचे त्यांच्यापैकी कोणालाच लागत नाहीत. खरं तर दुकानाचेही सगळ्यांना द्यायची गरज नसते. ई-वे बिलाच्या पोर्टलवर माणसागणिक उप-वापरकर्ता करता येतो. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आपल्या सीएंना रीतसर नेमता येतं. एकच पासवर्ड चिठ्ठीवर लिहून गल्ल्याजवळ चिकटवायची पद्धत बंद करा. नोकरी सोडून जाणारा माणूस प्रामाणिकच असतो, तरी तो गेला त्या दिवशी पासवर्ड बदलायचा. त्यात त्याचा अपमान नाही. आणि सून किंवा मुलगी घरून कंपनीचं काम करत असेल तर तिच्या ऑफिसचे पासवर्ड आपल्या तिजोरीत मागू नका. ते कंपनीचे आहेत, तिला तिकडचे नियम पाळावे लागतात.

एक गैरसमज मात्र दूर करते. गेलेल्या माणसाचा पासवर्ड हाती आहे म्हणून त्याच्या बँक खात्यातून पैसे काढायचे नसतात. तिथे नॉमिनी लागतो, दाखला लागतो, रीतसर अर्ज लागतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. आपलं नाव त्यात आहे का, हे यजमानांना आजच विचारा, लाजू नका. पासवर्डचा उपयोग कुठे काय आहे ते कळण्यासाठी. कुठल्या बँकेत ठेव, कुठला फंड, कुठला विमा. हे न कळल्यामुळेच ठेवी वर्षानुवर्षं पडून राहतात. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये उद्गम नावाचं पोर्टल काढलं ते अशाच विसरलेल्या ठेवी शोधण्यासाठी. आणि माणूस गेल्यावर त्यांचा मोबाईल नंबर घाईने बंद करू नका. सगळे ओटीपी तिथेच येतात. कामं संपेपर्यंत रिचार्ज चालू ठेवा.

मुख्य किल्ली एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये दागिन्यांबरोबर ठेवली आहे. सगळे पासवर्ड भरायला मला तीन दुपारी लागल्या. आधी निम्मी खाती बंदच केली. कधीकाळी एक कुर्ता मागवलेली दुकानं, एकदाच उघडलेली ॲपं. परिग्रह फक्त कपाटात साठतो असं थोडंच आहे!

मुलगी पुण्याला असते. आणीबाणीसाठी तिलाच नेमलं आहे, आणि गेल्या महिन्यात तिला मुद्दाम विनंती पाठवायला सांगितली. मला ई-मेल आला, मी काहीच केलं नाही. मुदत संपल्यावर तिला तिजोरी दिसली. लगेच तिचा फोन. म्हणाली, "आई, उघडलं गं. पण ते मसाल्याच्या दुकानाचं खातं अजून कशाला ठेवलंयस?"